आठ शिट्ट्या झाल्या तरी हरभरा टणकच! चूक कुणाची?

पितळी डबा (१२ जून, रात्री ९:४०)

मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय म्हणून धागा काढतेय.

माहेर लातूरकडचं, सासर अंबडचं, आणि जानेवारीपासून आम्ही संभाजीनगरात, शहराबाहेरच्या नव्या सोसायटीत राहायला आलोय. आठवड्यातून एकदा तरी आमच्याकडं हरभऱ्याची उसळ होतेच. वीस वर्षं करतेय. आणि या घरात आल्यापासून हरभरा शिजत नाही म्हणजे नाही. रात्री भिजत घालते, सकाळी टम्म फुगलेला असतो, कुकरला आठ शिट्ट्या काढते. झाकण उघडून दाणा बोटांत दाबला की साल निसटून हातात येते आणि आतला गर खडूसारखा.

दुकान बदललं, कुकरची रबरी रिंग बदलली. चिमूटभर सोडा टाकून पाहिला. चिमूट जरा मोठी झाली असणार, कारण वरून पीठ झालं आणि चव साबणाची.

परवा पाहुणे होते. मामेसासऱ्यांनी एक दाणा दाताखाली धरला, बाजूला काढून ठेवला, काही बोलले नाहीत. रस्सा तेवढा भाकरीत कुस्करून जेवले. बोलले असते तर बरं झालं असतं.

शिव्या देऊ नका, उपाय सांगा.

कोरडवाहू (१२ जून, रात्री १०:०५)

जुना माल आहे. दुसरं काही नाही.

आमच्याकडं हरभऱ्याची काढणी फेब्रुवारी-मार्चात होते. जूनमध्ये दुकानात जे मिळतंय ते यंदाचं असंलच असं नाही, मागच्या सालचं नाहीतर त्याच्याही मागचं असू शकतं. पत्र्याच्या गोदामात एक उन्हाळा आणि वर एक पावसाळा काढलेला हरभरा कितीही भिजवा, गर मऊ पडायला मागत नाही. उष्णता आणि दमट हवा दोन्ही मिळाली की दाण्याच्या आतच काहीतरी आवळून बसतं.

ओळखायचं कसं? देशी हरभरा जुना झाला की रंग काळपट तपकिरी होतो, नव्याला उजळ तांबूसपणा असतो. राजम्याचंही तसंच. दोन दाणे चावून बघा. नवा चावताना किंचित दबतो, जुना कडकन फुटतो नाहीतर दात मागतो.

शिट्टीबहाद्दर (१२ जून, रात्री १०:११)

आठच? आमच्या वाड्यात घरमालकीणबाई बारा काढायच्या. समोरच्या घरातलं पोरगं शिट्ट्या मोजून पाढे पाठ करायचं.

आजीचा आड (१२ जून, रात्री १०:५२)

ताई, पाणी कुठलं आहे ते आधी सांगा. मागच्या दोघांनी विचारलंच नाही.

माझं गाव परळीच्या पुढं. गावात दोन आड. एकाला गोडा आड म्हणायचे, दुसऱ्याला खारा. खारा आमच्या दारात, गोडा वेशीबाहेर. आजी धुण्याभांड्याला दारातलं पाणी वापरायची, पण वरणाच्या पाण्यासाठी रोज एक कळशी वेशीबाहेरून. आम्हाला वाटायचं म्हातारीला उगीच हौस. एकदा आईनं कंटाळून खाऱ्या आडाचं पाणी डाळीला लावलं. आजोबांनी वाटी पुढं सरकवली आणि विचारलं, "आज दारातलं का?" डाळ तळाशी आणि पाणी वर, असं ते वरण.

आजीची परीक्षा सोपी होती. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्या पाण्यात हरभरा काय शिजतोय.

कोरडवाहू (१२ जून, रात्री ११:०२)

पाण्याचं खरं आहे, पण माल जुना असंल तर गोडा आड सुद्धा काही करत नाही. दोन्ही म्हणा.

निवृत्त मास्तर (१३ जून, सकाळी ६:३०)

मीठ आधी घालत असाल. कडधान्य शिजेपर्यंत मीठ घालायचं नसतं, दाणा आकसतो. आमच्या मातोश्रींचा नियम.

प्रयोगवही (१३ जून, सकाळी ९:१५)

मास्तर, माफ करा, पण मिठावर उगाच आळ येतोय. सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद वाचा.

दाण्याच्या सालीत आणि पेशींच्या मधल्या भिंतीत पेक्टिन नावाचा चिकट पदार्थ असतो, विटांमधल्या चुन्यासारखा. तो विरघळला की दाणा मऊ होतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या पेक्टिनला पक्कं बांधून ठेवतात. आपला बहुतेक मराठवाडा काळ्या पाषाणावर बसलाय, बोअर जितकी खोल तितकं पाणी दगडात मुरून वर येतं आणि येताना हीच दोन खनिजं सोबत आणतं. नळाच्या तोंडाशी, गिझरमध्ये पांढरा थर धरतो तो हाच. म्हणजे आजीच्या साबणाचा आणि हरभऱ्याचा शत्रू एकच.

साध्या मिठातलं सोडियम उलटं काम करतं. भिजवताना मीठ घातलं तर सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल लवकर सैल पडते. लिटरभर पाण्याला सपाट मोठा चमचाभर मीठ, सकाळी ते पाणी ओतून द्यायचं.

दाणा खरंच अडवते ती आंबट वस्तू. चिंच, आमसूल, टोमॅटो. आंबटात पेक्टिन विरघळायला तयार होत नाही. गुळाचंही तेच, शिवाय गुळात थोडं कॅल्शियमही असतं. बहुतेक जुन्या घरांत मीठ, चिंच, गूळ एकदमच पडायचं, आणि बोल मात्र मिठाला लागला.

सोडा याच्या उलट, पेक्टिन झटपट सोडवतो. पण ब-१ जीवनसत्त्व मारतो आणि चव बिघडवतो. अर्धा किलो हरभऱ्याला पाव चहाचा चमचा ही माझी हद्द, तीही भिजवताना.

आता ताई, एक प्रश्न. भिजवताना कुठलं पाणी घेता आणि शिजवताना कुठलं?

निवृत्त मास्तर (१३ जून, सकाळी ९:४०)

मातोश्री चिंच-गूळ एकदमच घालायच्या, हे मात्र खरं. विचार करतो.

पितळी डबा (१३ जून, दुपारी १:२०)

शिजवताना बोअरचं, किचनच्या नळाचं. आरओचं फक्त प्यायला.

भिजवताना… लिहायला लाज वाटतेय. आरओच्या मशीनमधून जे वाया जाणारं पाणी निघतं, त्याच्या नळीखाली मी बादली ठेवलीय. लातूरची आहे हो मी, पाणी सांडलेलं बघवत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आई आमच्या गल्लीत भाजी धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं संडासला असं फिरवायची. त्या बादलीतलं पाणी मी भांड्यांना, फरशीला आणि कडधान्य भिजवायला वापरते. दिसायला तर अगदी स्वच्छ असतं.

प्रयोगवही (१३ जून, दुपारी १:३१)

सापडलं!

ताई, आरओ काय करतं? पाण्यातले क्षार गाळून एका बाजूला गोड पाणी काढतं आणि ते सगळे क्षार उरलेल्या पाण्यात ढकलतं. तुमच्या बादलीत बोअरच्या पाण्याचा अर्क आहे. तुम्ही दर वेळी रात्रभर हरभऱ्याला कॅल्शियम पाजताय.

शिट्टीबहाद्दर (१३ जून, दुपारी १:३३)

मामेसासऱ्यांना कळवा, दाणा निर्दोष सुटला.

आजीचा आड (१३ जून, दुपारी २:१०)

हसू नका रे. पाणी वाचवायच्या नादातच झालंय ते. आमच्याकडं टँकरचे दिवस होते तेव्हा टँकर कुठल्या विहिरीवर भरलाय त्यावर त्या दिवशीचं वरण ठरायचं. आई ड्रायव्हरला विचारून डाळ चढवायची.

पितळी डबा (१५ जून, सायंकाळी ७:०५)

काल रविवार होता. आख्खी दुपार गॅसपुढं गेली, नवरा म्हणाला पीएचडी कर.

एकाच पिशवीतला हरभरा, पाच वाट्या, प्रत्येकी ५० ग्रॅम, रात्री दहाला भिजत घातला. एका वाटीला बादलीतलं पाणी, एकीला बोअरचं, तिसरीला आरओचं, चौथीला आरओचं आणि मीठ. पाचवी मास्तरांसाठी: आरओचं पाणी, पण शिजवताना चिंचेचा कोळ.

सकाळी पाचही वाट्यांत दाणे फुगलेले, वजन ५० चं १०५-११० च्या आसपास. बघून काही फरक कळत नव्हता. म्हणजे "छान फुगलाय, शिजेलच" हे माझं वीस वर्षांचं गणित तिथंच निकालात निघालं.

कुकर नाही लावला, कारण मधे उघडून बघता येत नाही. छोट्या पातेल्यात झाकण ठेवून, ज्या पाण्यात भिजवला तेच पाणी ताजं घेऊन, उकळी आल्यापासून वेळ धरला. मिठाच्या वाटीला शिजवताना साधं आरओ. दर दहा मिनिटांनी एक दाणा अंगठा आणि बोटात दाबायचा.

मीठ-आरओ ५० मिनिटांत दबला, लोण्यासारखा नाही पण एकसारखा. नुसतं आरओ, सव्वा तास. बोअरचं पाणी पावणेदोन तासांनी कसंबसं, आणि तेही निम्मे दाणे. बादलीवाला दोन तासांनी मीच बंद केला. गॅस सिलिंडरची किंमत आठवली. चिंचेवाला दोन तासांनंतर गोट्या खेळायच्या लायकीचा होता, आणि ते पाणी तर गोड होतं!

बादलीतल्या पातेल्याच्या कडेला पांढरी रेघ उठली होती. नखानं खरवडली तर पापुद्रा निघाला. सहा महिने हेच खात होतो.

निवृत्त मास्तर (१५ जून, रात्री ८:००)

चिंचेची वाटी पाहून मातोश्रींचा नियम दुरुस्त करून घेतला. मीठ सुटलं, चिंच अडकली.

भाकरतुकडा (१५ जून, रात्री ८:२२)

बोअरचं पाणी उकळून गार करून वरचं वरचं घेतलं तर? आमच्याकडं आरओ नाही.

प्रयोगवही (१५ जून, रात्री ८:५०)

थोडा फायदा होतो. उकळल्यावर जो पांढरा गाळ बसतो तेवढा पाण्याचा जडपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम, कमी होतो. पण पाण्यातले काही क्षार उकळून बसत नाहीत, ते तसेच राहतात. पावसाळा तोंडावर आहे, गच्चीवरचं पहिलं पाणी सोडून पुढचं हंडाभर धरा. पावसाच्या पाण्याइतकं मऊ पाणी कुठलंच नाही.

आणखी एक. आपण पाचशे-सहाशे मीटर उंचीवर राहतो, इथं पाणी शंभरला नाही, अठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं. उघड्या पातेल्याला कोकणापेक्षा थोडा वेळ जास्त लागणारच. कुकरमध्ये दाब धरला की आत १२० अंशांच्या जवळ जातं, म्हणून कुकर जिंकतो. फक्त शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक, भिजवलेल्या देशी हरभऱ्याला वीस-पंचवीस मिनिटं, आणि दाब आपोआप उतरू द्या. मोठ्या गॅसवर धडाधड आठ शिट्ट्या दहा मिनिटांत उडतात, दाण्याला कळतही नाही. आणि कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. फेस येऊन शिट्टीचं भोक बुजतं. चमचाभर तेल टाकलं की फेस दबतो.

येळवस (१६ जून, सकाळी ११:४५)

धागा हरभऱ्यावरच चाललाय, हुलग्याला कुणी विचारना गेलंय.

ताई, हुलगे भिजत घातले की सकाळी परातीत घ्या आणि परात हलवा. भिजलेला दाणा गप सरकतो, न भिजलेला टणटण वाजतो. ते गणंग. आमच्या सासूबाई डोळे मिटून कानानं गणंग वेचायच्या. वरची साल इतकी घट्ट की पाणी आत जातच नाही, त्याला गोडं पाणी बी काही करत नाही. वेचून दुसऱ्यांदा कोमट पाण्यात टाका, निम्मे फुगतात. उरलेले जात्यात नाहीतर मिक्सरला भरडून पिठात घाला. भाजून दळलेल्या हुलग्याचं माडगं करा, गूळ घालून, सर्दीला. गणंग असो का नसो, पीठ झाल्यावर कळत नाही. शेंगोळ्यालाही तेच पीठ.

हुलगे शिजवलेलं पाणी फेकलंत तर बघा. ते कळण. लसूण-जिरं-कोथिंबिरीची फोडणी, वरून ताक. भिजवलेलं पाणी ओता, शिजवलेलं राखा.

मटकी तर उन्हाळ्यात सहा तासांच्या वर पाण्यात ठेवायचीच नाही. आमच्याकडं मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस होतं, मोड यायच्या आधी चिकट होऊन वास मारती. सहा तासांनी उपसून पातळ ओल्या फडक्यात, आणि दुपारी एकदा परत धुवून घ्यायची. थंडीत उलटं, फडकं पिठाच्या डब्यावर ठेवा.

राजम्याची मावशी (१६ जून, दुपारी ३:३०)

एक धोक्याचं सांगते, कारण पोरं हल्ली इलेक्ट्रिक भांडी घेतात.

भाचा पुण्यात एकटा राहतो. कुणीतरी मंद आचेचं इलेक्ट्रिक भांडं भेट दिलं. त्यानं राजमा नुसता धुवून रात्रभर त्यात ठेवला, सकाळी अर्धवट शिजलेला ब्रेडशी खाल्ला. दोन तासांत उलट्या सुरू, चार मित्रांनी उचलून दवाखान्यात नेला. सलाईन लावलं, रात्री बरा झाला.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं, लाल राजम्यात सगळ्यात जास्त. चार-पाच कच्चे दाणे पुरतात. ते मंद आचेनं मरत नाही. किमान पाच तास भिजवून, ते पाणी ओतून, नव्या पाण्यात खळखळून उकळायचा. दहा मिनिटं पुरतात, पण मी अर्धा तास धरते. कुकरला तर प्रश्नच नाही. वाघ्या घेवडाही राजम्याच्याच जातीचा, त्यालाही हाच नियम.

कोरडवाहू (१६ जून, रात्री ९:१०)

मावशी, हे लई महत्त्वाचं. +१.

साठवणीचं राहिलं. आमच्या जुन्या वाड्यात भिंतीतच बळद होतं, त्यात हरभरा आणि तुरीत कडुनिंबाचा वाळका पाला. डाळीला एरंडेलाचा हात. हुलगे-मटकी राखेत. ते बळद दगडमातीच्या भिंतीतलं, आत गार. आता तोच पाला आपण पत्र्याच्या डब्यात घालतो आणि डबा ठेवतो गॅसच्या वरच्या फळीवर. भुंगा नाही लागला तरी गरमीनं माल निबर होतोच. सहा महिन्यांचं घ्यायचं असंल तर मार्चात घ्या, कडक वाळवा, डबा खालच्या फळीवर. भुंग्याची भीती असंल तर थोडं थोडं करून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी गार असेपर्यंत उघडू नका, नाहीतर ओल धरते.

भाकरतुकडा (१७ जून, सकाळी ८:०५)

पोटात गॅस होतो त्याचं काय? हिंग, ओवा सगळं घालून झालं.

प्रयोगवही (१७ जून, सकाळी ८:४०)

कडधान्यात रॅफिनोज, स्टॅचिओज अशा साखरा असतात. आपल्याला त्या पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जंतू त्यावर ताव मारतात. भिजवलेलं पाणी ओतलं की त्यातल्या काही जातात, मोड आणले की आणखी कमी होतात. पाण्यासोबत थोडं जीवनसत्त्वही जातं, ते जाऊ दे. आणि रोज थोडं खा. महिन्यातून एकदा परातभर खाल्लं की पोट बोलणारच.

पितळी डबा (२१ जून, रात्री ८:३०)

उरलेला हिशोब देते.

कोरडवाहूंचं म्हणणं मनात राहिलं होतं. औशाकडच्या मावशीनं तिच्या शेतातला यंदाचा हरभरा पाठवला. तोच प्रयोग परत, फक्त दोन वाट्या. नवा हरभरा आरओच्या पाण्यात, बिनमिठाचा, ४० मिनिटं. नवा हरभरा बोअरच्या पाण्यात, सव्वा तास. म्हणजे दुकानातला जुना हरभरा गोड्या पाण्यात आणि मावशीचा नवा जड पाण्यात, दोघांना सारखाच वेळ. कोरडवाहू आणि आजीचा आड, तुम्ही दोघंही बरोबर होतात, आणि माझ्या घरात जुना माल, जड पाणी आणि वरून ती बादली असे तिन्ही एकत्र नांदत होते.

आता भिजवायला आरओ आणि मीठ, शिजवायला आरओ. रोजचं दीड लिटर जास्त लागतं. बादली फक्त फरशी आणि संडाससाठी. तुळशीलाही घालत होते, पानांच्या कडा करपल्या होत्या, तेही आत्ता लक्षात आलं.

चिंच-गूळ शेवटी, दाणा दबल्यावर. येसर घालून आमटी केली काल. मामेसासरे नव्हते.

आजीचा आड (२१ जून, रात्री ८:४४)

बोलवा परत. रस्सा वेगळा वाढू नका.

येळवस (२१ जून, रात्री ९:०२)

आणि हुलगे?

पितळी डबा (२१ जून, रात्री ९:१५)

आत्ताच भिजत घातले. सकाळी परात हलवते, गणंग किती वाजले ते सांगते.